खडकावरचा आणि गवतातला

६ ऑगस्ट

प्रिय ताई,

आपली बेडकांची खोली हलवताहेत. तुला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि माझ्याशिवाय सांगणारं कोण उरलंय, म्हणून लिहायला बसले. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात नवी इमारत झाली आहे, गार हवेची, बिनखिडक्यांची. सगळ्या बरण्या तिकडे चालल्यात.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जाऊन आले. जिन्याच्या मधल्या पायरीचा कोपरा अजून तुटलेलाच आहे. दार उघडलं, स्पिरिटचा वास आला आणि मला एकदम तहान लागली. मग आठवलं, त्या खोलीत पाणी प्यायची आपल्याला सक्त मनाई होती. रविवारची सबंध दुपार आपण तहानलेल्या बसायचो आणि बाबा भिंगाखाली कुणाचे तरी दात मोजत असायचे.

तिन्ही कपाटं जागच्या जागी होती. डावीकडे शेपटीवाले, समोर बिनशेपटीचे, आणि कोपऱ्यात ते बुटकं कपाट, बिनपायांचं, जिथे तू मुद्दाम मला एकटीला पाठवायचीस. 'जा, देवगांडुळाला विचारून ये, डोळे कुठे गेले ते.' मी रडत यायचे आणि तू बाबांना सांगायचीस, 'धाकटीला बिनपायांचा गण आवडत नाही.' पहिलीतल्या पोरीची आवडनिवड तू गणांवारी लावायचीस.

आता तोच धडा मी दर वर्षी अकरावीला शिकवते. उभयचर वर्ग, त्यात तीन गण. दर वर्षी कुणीतरी सॅलॅमँडरला सरडा म्हणतं आणि देवगांडुळाला साप. मी सांगते, अरे, सरड्याला खवले असतात, याची कातडी ओली, उघडी. आणि हा साप नाही, गांडूळही नाही, याला कणा आहे, जबडा आहे. हा तुमच्या त्या डराव डराव करणाऱ्याचा नातेवाईक आहे. पोरं हसतात. परीक्षेत पुन्हा सापच लिहितात.

खोलीवर आता एक नवी बाई नेमली आहे. तिशीची असेल. गळ्यात कायम हेडफोन अडकवलेले, म्हणून शिपायांनी तिचं नाव 'कानवाली' पाडलंय. तिला ते ठाऊक आहे आणि चालतं. मी कुणाची मुलगी हे कळल्यावर ती खुर्चीवरून उठलीच. मग म्हणाली, "मग तुम्ही त्यांच्याही बहीण." तुझा लेख तिनं तीनदा वाचलाय म्हणे. मी म्हटलं, "आमच्या घरात तो एकदाच वाचला गेला. पुरला."

बाबा ठीक आहेत. कार्ड मिळालं होतं. पुढच्या खेपेला दोनाच्या चार ओळी लिहिल्यास तरी पोस्टाचा खर्च तोच.

तुझी,
धाकटी


१७ ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराची वाट न बघता दुसरं पत्र लिहिते आहे, यावरून काय ते समज.

'बाबा ठीक आहेत' असं मी लिहिलं ते वरवरचं होतं. मे महिन्यात ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर काठी आली, आणि डॉक्टर हृदयाबद्दल बोलताना त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलायला लागले. सत्त्याऐंशी म्हणजे काही कोवळं वय नाही. डोकं मात्र लख्ख आहे. आणि मी तुला लिहिते आहे हे त्यांना सांगितलेलं नाही.

खोली हलवताहेत हे कळल्यावर त्यांनी धोशा लावला. मी त्यांना टॅक्सी करून घेऊन गेले. जिना चढायला आम्हाला इतका वेळ लागला की कानवालीनं वरून खुर्ची आणून मधल्या वळणावर ठेवली. खोलीत पोचले आणि बघतात तर त्यांची मांडणी मोडलेली. चिकट बोटांचे सगळे झाडबेडूक त्यांनी एका फळीवर ठेवले होते, आठवतात? ते आता तीन ठिकाणी विखुरलेत.

"हे काय केलंत?" बाबांनी विचारलं.

ती म्हणाली, "सर, बोटं सारखी आहेत, पण घराणी वेगळी आहेत. झाडावर राहायची वेळ आली तेव्हा ज्यानं त्यानं आपापली चिकट बोटं काढली. रक्ताचं नातं फार लांबचं."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाबा काठी टेकून प्रत्येक बरणीपाशी जाऊन आले. मग म्हणाले, "म्हणजे मी यांना एका हॉटेलात उतरवलं होतं. तुम्ही ज्याला त्याला घरी पाठवताय." आणि चहा मागितला. त्या खोलीत. त्यांनी स्वतः.

ताई, मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला बावीस वर्षांपूर्वीचं आपलं जेवणाचं टेबल आठवत होतं. तू लेखाची प्रत घेऊन आली होतीस. छापून यायच्या आधी त्यांना तुझ्याकडूनच कळावं म्हणून आली होतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. ओढ्यावरच्या ज्या बेडकाला त्यांनी आईचं नाव दिलं होतं तो वेगळी जात नाही, खडकावरच्या जुन्याच जातीतला आहे. ठिपके आणि पायाचे पडदे कमीजास्त असतात, त्यावरून जात ठरत नाही. एवढंच होतं त्यात. बाबा म्हणाले, "आईला कपाटातून काढलंस." तू म्हणालीस, "बाबा, मी बेडूक मोजले." ते उठून गेले. तू भाजी वाढून घेतलीस आणि जेवली नाहीस.

मला वाटलं होतं, आठवडाभर धुसफूस चालेल. तू तिकडची नोकरी घेतलीस. त्यांनी तुझं नाव टाकलं, म्हणजे रागानं काही बोलले नाहीत, नुसतं तोंडात आणलं नाही. आणि तुम्ही दोघंही मला पत्र लिहिल्यासारखे माझ्यामार्फत जगत राहिलात.

कानवाली आता त्या ओढ्यावर जाते आहे. आपल्या ओढ्यावर. म्हणजे तुमच्या; मी कुठे आले होते. गालगुंड झालं म्हणून मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं आणि तुम्ही तिघं गमबूट घालून निघाला होतात. मी खिडकीत फडकं बांधलेला गाल घेऊन बसले होते. तू मागे वळून जीभ काढून दाखवलीस.

ती म्हणते, तिथे दोन आवाज आहेत. खडकावर एक, गवतात एक. दिसायला दोघं अगदी सारखे.

मी तिला म्हटलं, "हे आमची आई म्हणायची."

तुझी,
धाकटी


३० ऑगस्ट

प्रिय ताई,

आता लागतील ते कष्ट घेऊन हे पत्र नीट वाच. यात एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे.

परवा कानवाली घरी आली. सोबत ध्वनिमुद्रणं, आलेखाचे कागद, आणि मला वाटतं थोडी भीती. मी बाबांना पुढच्या खोलीत आणून बसवलं. तिनं आधी सांगितलं काय झालं ते. ओढ्यावर खरंच दोन जाती आहेत. तिनं दोन्हींच्या पेशींची तपासणी करून घेतली. नुसता आवाज वेगळा नाही, जनुकंही वेगळी आहेत. वंश तोच, जाती दोन. तुझ्या हातात त्या वेळी फक्त मापं होती, आणि मापांत फरक नव्हताच, त्यामुळे तू लिहिलंस ते त्या मापांपुरतं बरोबर होतं, असं ती स्वतःहून दोनदा म्हणाली. बाबांसमोर.

बाबा म्हणाले, "म्हणजे माझं नाव परत आलं."

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "सर, तीच तर पंचाईत आहे."

पुढचं तुला मी काय समजावणार, पण मला ते कळायला वेळ लागला, म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. जातीचं नाव त्या पहिल्या नमुन्याशी बांधलेलं असतं. लाल फीत बांधलेली ती बरणी. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं हे कुणी विचारत नाही. बरणीत कोण आहे तेवढंच बघतात. बाबांनी त्या नमुन्यांना, नशीब, नुसत्या स्पिरिटमध्ये ठेवलं होतं; फॉर्मलिनमध्ये घातले असते तर तपासणी जमली नसती. तिनं लाल फितीवाल्याच्या मांडीतला कणभर तुकडा घेऊन तपासला. आणि मग त्याच्यासोबत धरलेल्या दोघांचाही.

तिन्ही खडकावरचे निघाले. जुन्या जातीचे. म्हणजे आईनं ऐकला तो वेगळा बेडूक खरोखर आहे, पण बरणीत तो नाहीच. आईचं नाव भलत्याच बेडकाला लागलं आणि तू ते काढलंस ते बरोबरच होतं. एकाच वंशात तेच नाव दुसऱ्याला पुन्हा देता येत नाही, तेव्हा गवतातल्याला आईचं नाव आता कधीच मिळणार नाही.

मग तिनं यंत्र काढलं, आवाज ऐकवते म्हणाली. आधी खडकावरचा लावला, मग गवतातला. बारीक, काच घासल्यासारखे आवाज. मला फरक कळला. पहिला सलग टिकटिकतो, दुसरा मध्ये थांबतो, विसरल्यासारखा, आणि मग एक टिक देतो. बाबा मान तिरकी करून "हं, हं" म्हणत होते. तिनं आलेखाचा कागद पुढे केला तसे ते खुलले, बोटानं रेघा मोजल्या, प्रश्न विचारले. ती खूश होऊन गेली.

तिला फाटकापर्यंत सोडून आले तर ते तसेच बसलेले.

"मला काहीच ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "वय झालंय, बाबा. बारीक आवाज आधी जातात."

"वयाचं नाही. तेव्हाही आलं नव्हतं."

ताई, तुला हे माहीत होतं का? त्यांचा डावा कान लहानपणी फुटला होता आणि उजव्यालाही वरचे सूर कधी लागलेच नाहीत. नोकरीत कुणाला कळू दिलं नाही. बेडकांवर काम करणारा माणूस आणि बेडूक ऐकू येत नाही, म्हणजे लोक हसले असते. आईला पहिल्याच भेटीत कळलं. तिचा दिवस बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायचा, तिच्यापासून काय लपणार. म्हणाले, "ती बोलता बोलता उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. काही विचारलं नाही. मी तिथेच ठरवलं."

तेव्हा मला कळलं, ती टेबलाशी, बसमध्ये, सगळीकडे त्यांच्या उजवीकडेच का असायची. मला वाटायचं, तिला ती जागा आवडते.

ओढ्यावर आई म्हणाली होती, 'अहो, ऐका, हे दोघं एक नाहीत.' त्यांना एकही ऐकू येत नव्हता. पण तिचं ऐकणं चुकायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते म्हणाले 'हो'. मग घरी येऊन महिनोन् महिने डोळ्यांनी फरक शोधत बसले. ती गेल्यावर तर हट्टालाच पेटले. ठिपके सापडले, पडदे सापडले. जे शोधायचंच असतं ते सापडतं, असं ते परवा स्वतः म्हणाले.

तर प्रश्न असा. कानवालीला वाटतं, त्या संध्याकाळी गवतातलाही एखादा धरला गेला असणार. आई तिथेच तर बोट दाखवत होती. बाबा म्हणतात, त्यांनी दोन्हीकडचे धरले आणि एकाच पिशवीत टाकले. पिशवी तू धरली होतीस. मग गवतातला गेला कुठे? तुला काही आठवतं का?

पत्र नको लिहूस. पत्राला तुला वर्ष लागतं. फोन कर.

तुझी,
धाकटी


९ सप्टेंबर

प्रिय ताई,

काल तू फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं.

तुझा आवाज थोडा आईसारखा झालाय. मला आधी वाटलं, अंतरामुळे तसं वाटत असेल.

तू म्हणालीस, 'बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव.' हे बरं आहे तुझं. बावीस वर्षं तेच चाललंय. तर मी ठरवलं, आणि दुपारी जेवताना सांगितलं. जसं तू सांगितलंस तसंच, काही न घालता: की बाबा बसची वेळ विचारायला पुढे गेले होते, आई आणि तू बसथांब्यावर बाकावर बसला होतात, आणि पिशवीतून एकजण ओरडायला लागला. थांबून थांबून. आईनं पिशवी मांडीवर घेतली, कान लावला आणि तुला म्हणाली, 'हाच तो. बघ कसा बोलावतोय.' आणि मग पिशवीचं तोंड सोडून तिनं त्याला हातात घेतलं, थांब्यामागच्या ओल्या गवतात नेलं आणि सोडून दिलं. 'वरच्या ओढ्याचंच पाणी इथे येतं,' म्हणाली, 'जाईल आपल्या घरी.' तू म्हणालीस, 'आई, बाबा रागावतील.' तर ती म्हणाली, 'बाबांकडे अजून आहेत की.'

तिला वाटलं, बाकीच्यांत त्याचे जातभाई असतीलच. तुलाही तसंच वाटत राहिलं. आणि लेख लिहिताना तो एक सोडलेला बेडूक तुझ्या डोक्यातही आला नाही. कसा येईल? तू बरणीतले मोजत होतीस.

बाबांचा घास हातातच राहिला. "सोडला?" त्यांनी विचारलं.

"सोडला."

"मी चार धरले होते," ते म्हणाले. "घरी तीन निघाले. मी समजलो, अंधारत आलं होतं, माझंच मोजायला चुकलं असेल." आणि मग ते हसायला लागले, ताई. मी घाबरले, कारण त्यांना ठसका लागला, पाणी दिलं, पाठ चोळली, तरी खांदे हलतच होते. डोळे पुसत म्हणाले, "सगळ्या जगात तो एकच बेडूक मला हवा होता, आणि तो या बाईनं माझ्या पाठीमागे सोडून दिला."

नंतर त्यांनी उरलेलं सगळं जेवण संपवलं. बरेच दिवसांत संपवलं नव्हतं.

संध्याकाळी कानवाली आली. नवं नाव काय ठेवायचं ते घरच्यांनी सुचवावं, अशी तिची इच्छा होती. मी म्हटलं, आईच्या शाळेवरून काहीतरी ठेवा. तिला 'ऐकणारी' अशा अर्थाचं काही हवं होतं. बाबा लॅटिनचा तो जाडा शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं: डिमिस्सा. सोडून दिलेली.

कानवाली जरा घुटमळली. म्हणाली, "सर, वाचणाऱ्याला वाटेल, टाकून दिलेली."

"वाटू दे," बाबा म्हणाले. "खाली एक ओळ लिहा, काय झालं ती. ज्याला कळायचं त्याला कळेल." मग शब्दकोश मिटून म्हणाले, "आणि ती ओळ माझ्या थोरलीकडून लिहून घ्या. तिनं पाहिलंय. मी पाहिलेलं नाही."

तुझं नाव घेतलं नाही, पण 'माझी थोरली' म्हणाले. मी कपबशा आवरायला आत गेले, म्हणजे माझ्याकडे कुणाला बघावं लागू नये.

रात्रीची गोळी देताना त्यांनी विचारलं, "ती आणखी काय म्हणाली?" मी तेही सांगितलं, जे तू अगदी शेवटी सांगितलंस: की आई परतीच्या बसमध्ये सगळी वाट तुला तो आवाज काढून दाखवत होती, खालच्या पट्टीत, जाड करून, शाळेतल्या मुलांना दाखवायची तसा. आणि तुला तो अजून येतो.

"अजून येतो?" म्हणाले.

"हो म्हणाली."

"मग विचार तिला..." आणि गोळी तोंडात टाकली.

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा. आता माझ्याच्यानं होत नाही तुमचा दोघांचा निरोप्या व्हायचं. मीही छप्पन्न वर्षांची झाले."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. तू रविवारी सकाळी मोकळी असतेस म्हणालीस ना? इथली सकाळ की तिकडची, ते तेवढं कळव.

तुझी,
धाकटी


१८ सप्टेंबर

प्रिय ताई,

काल फोनवर जे झालं ते तुला माहीत आहे. पण तुला दिसलं नाही ते लिहिते, नाहीतर माझ्याबरोबरच राहून जाईल.

सकाळपासून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, फोनवर शर्ट दिसत नाही. म्हणाले, "मला दिसतो." कानातलं यंत्र काढून ठेवलं, त्यात खरखर होते म्हणून, आणि उजवा कान मोकळा ठेवून फोनजवळच्या खुर्चीत बसले. नऊपासून. तू दहाला करणार होतीस.

फोन मीच उचलला आणि लगेच त्यांच्या हातात दिला. तुम्ही काय बोललात ते मला अर्धंच ऐकू आलं. "हो." "बरा आहे." "काठी आहे, पण चालतो." "तिकडे थंडी आहे का?" बावीस वर्षांनी माणसं हवामान विचारतात. मी रागावून भांडी घासत होते.

मग ते म्हणाले, "तो आवाज काढ." 'काढतेस का' नाही, नुसतं 'काढ', लहानपणी पाढे म्हणायला लावायचे तसं.

तू काढायला लागलीस तेव्हा मी हात पुसून दारात येऊन उभी राहिले. मला फोनमधून बारीकसं ऐकू येत होतं. घशातून, जाडसर: तीन टिचक्या, मग थांबणं, आणि मग एक. पहिल्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मला वाटलं, गेलं, नाही लागलं त्यांच्या कानाला. तू पुन्हा केलंस. आणि त्या थांबण्यात, शेवटची एक यायच्या आधी, त्यांचं खुर्चीच्या हातावरचं बोट वर उचललं गेलं आणि अधांतरी राहिलं. ती एक आली तसं खाली आलं.

तेव्हाच तू "बाबा? आहात ना?" असं विचारलंस. ते होते, ताई. तू समजलीस तशी लाईन तुटली नव्हती. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली, फोनवर, तुला दिसेल अशा थाटात. आणि मग "पुन्हा" म्हणाले, ते तू ऐकलंसच. तू किती वेळा केलंस मला माहीत नाही. तुझा घसा बसला असेल.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीतच होते. मी शेजारी बसले. नकळत उजव्या बाजूला बसले. म्हणाले, "ती 'ऐका' म्हणायची आणि मी 'हो' म्हणायचो. तिला माहीत होतं मला ऐकू येत नाही. तरी म्हणायची."

मी विचारलं, "का म्हणायची?"

"आता कुणाला विचारू," म्हणाले. मग म्हणाले, "थोरलीचा आवाज तिच्यासारखा झालाय ना?"

मी 'हो' म्हटलं. मला वाटलं होतं, ते फक्त मलाच वाटलं.

दुपारी त्यांनी तुझा तो लेख मागितला. मी म्हटलं, घरात कुठे आहे. तर म्हणाले, माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात. होता. समासभर पेन्सिलीनं त्यांच्याच अक्षरात आकडे. तुझी सगळी मापं त्यांनी बरणीतले बेडूक काढून पुन्हा घेतली आहेत, एकूण एक. कधी घेतली ते मी विचारलं नाही. आता ते म्हणतात, पत्राखाली थोडी जागा सोड, मला लिहायचंय. मी सोडते आहे. अक्षर हलतं हल्ली, सांभाळून वाच.

तुझी,
धाकटी

चि. थोरलीस आशीर्वाद.

तुझा लेख बरोबर होता. तिसऱ्या तक्त्यात दुसऱ्या नमुन्याच्या मांडीचं माप अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरलं, ते मी दोनदा घेतलं, पण त्यानं निष्कर्षात काही फरक पडत नाही. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं.

कानवाली म्हणते, ओढ्याला अजून महिनाभर पाणी राहील. मला वरपर्यंत चढता येणार नाही, बसथांब्यावरच्या बाकापर्यंत येईन. खालून ऐकू येतो का ते मला सांगायला कुणीतरी लागेल. धाकटी येणार आहेच, तिचं त्या वेळी राहिलं होतं. तू आलीस तर तिघंजण होऊ.

बाबा